बर्फाचे डोहाळे

डबा मुठीत मावेल एवढाच होता. त्यावर एका डोंगराचं चित्र होतं आणि आमच्यापैकी कुणालाच वाचता न येणारी अक्षरं होती. दादा त्या वर्षांत आखातात, एका कारखान्याच्या बांधकामावर फिटर होता. तिथल्या एका जपानी इंजिनिअरनं त्याला तो डबा दिला होता. महाडला आमच्या शेजारी राहणाऱ्या चाचींचा मुलगा तिथूनच सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून तो आमच्या घरी पोचला. आईनं झाकण उघडून वास घेतला आणि पोरानं मेंदी पाठवली म्हणाली. वहिनीनं बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा बोट बुडवलं.

वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली होती, आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिच्या अंगात रक्त फार कमी आहे, ते वाढलं नाही तर बाळंतपण जड जाईल. रक्तवाढीच्या गोळ्यांची पाकिटं दिली होती. त्या गोळ्यांनी तिला मळमळायचं. घोट घेतला की गोळी पाण्याबरोबर परत यायची. आई रोज तिच्यासमोर बसायची आणि ती गोळी पोटात जाईपर्यंत उठायची नाही.

फोनवर दादानं कृती सांगितली. आई विचारत होती आणि मी मनात साठवत होते. चिमूटभर पूड आधी चाळून घ्यायची. मग कोमट पाण्यात घोटायची. उकळतं पाणी घातलं तर कडू होतं. एकही गाठ राहू द्यायची नाही. मग साखर, थंड दूध आणि वरून बर्फ. दादा म्हणाला तसला बांबूचा घोटणा आमच्याकडे नव्हता, म्हणून मी ताकाची लहान रवी घेतली. चहाच्या गाळण्यातून पूड खाली पडताना तिचा रंग ओल्या शेवाळासारखा दिसायचा. पातेलीत फेस धरला की पेल्यात ओतायचं. बर्फ पंच्यात गुंडाळून बत्त्यानं ठेचायचा आणि पेला काठोकाठ भरायचा. उन्हाळ्यात महाडला दुपारी वारा नावालाही नसतो. तो पेला हातात धरला की बोटांना बरं वाटायचं. मीही एकदोनदा घेतलं. गवतासारखी चव होती, आणि मागून एक गोडसर कडवटपणा जिभेवर राहायचा.

पहिल्याच दिवशी वहिनीनं त्या घोटाबरोबर गोळी घेतली आणि ती पोटात राहिली. आईच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी समाधान दिसलं. त्यानंतर रोज दुपारच्या जेवणावर तो हिरवा पेला आणि ती गोळी असं ठरूनच गेलं.

बर्फ मात्र पुरेनासा झाला. पेला रिकामा झाला की वहिनी तळाचे खडे तोंडात घ्यायची आणि दातांनी फोडायची. मग नुसताच बर्फ मागू लागली. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं वाचन करत खिडकीशी बसलेली असायचे, आणि स्वयंपाकघरातून तो आवाज यायचा, करकर, मग थोडी शांतता, पुन्हा करकर. वाचलेली ओळ मला परत वाचावी लागायची. तिचं माहेर वर कुडपणला, पठारावर. एकदा मी तिला विचारलं, तिकडे असा बर्फ मिळायचा का.

“आमच्याकडं कशाला लागतोय गो बर्फ,” ती म्हणाली. “झऱ्याचं पाणी प्यालं की कानशिलं दुखतात. हितं तुमच्याकडं पाण्यालाबी घाम येतो.”

आई म्हणायची, डोहाळे पुरवलेच पाहिजेत, नाहीतर बाळाची लाळ गळत राहते. कुणाला चिंच लागते, कुणाला भाजकी माती. हिला बर्फ लागतो, एवढंच. वीज गेली आणि आमचा फ्रीज पाझरू लागला की मी भांडं घेऊन चाचींकडे जायचे; त्यांच्या मोठ्या फ्रीजमध्ये बर्फ टिकून असायचा. त्या खाण्याच्या पदार्थांना मागे सारून बर्फाचा साचा बाहेर काढायच्या. एवढा बर्फ खाल्ल्यावर पोर कसलं गोरंपान होतंय बघ, म्हणायच्या, आणि मग आखातात उन्हात रापलेल्या बापाला ते ओळखेल का, असं म्हणून स्वतःच हसायच्या. आळीत बायका एकमेकींना विचारायच्या, आज हिमालयाची स्वारी कशी आहे. वहिनीला ते आवडायचं. तिचे इतके लाड आजवर कुणी केले नव्हते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी. आईनं हौसेनं सगळ्या बायकांसाठी ते हिरवं सरबत करायला लावलं, आणि मी सकाळपासून रवी घुसळत होते. वहिनी पाटावर बसली तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. चुड्याच्या हिरव्या रंगाखाली तिची नखं कागदासारखी पांढरी दिसत होती. ओटी भरून झाल्यावर ती उठली, दोन पावलं चालली आणि भिंतीला धरून उभी राहिली. धाप लागली होती. एक म्हातारी म्हणाली, पोट मोठं आहे, मुलगाच असणार. सगळ्या हसल्या. वहिनीही हसली आणि तिनं पेल्यातला बर्फ तोंडात घेतला.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण कुडपणहून दवाखाना लांब, आणि पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. म्हणून तिनं महाडलाच राहावं असं आम्ही ठरवलं आणि आठवा महिना सरताना खासगी दवाखान्यात नाव घातलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि कागद खाली ठेवला. गोळ्या घेता का, त्यांनी विचारलं. आईनं जवळजवळ रागावूनच सांगितलं, रोज, माझ्या डोळ्यांसमोर.

“कशाबरोबर?”

आईनं हिरव्या पेल्याचं कौतुकानं सगळं सांगितलं. बर्फाच्या डोहाळ्यांचंही सांगितलं. आईचं संपल्यावर बाई हळू आवाजात म्हणाल्या, “हे डोहाळे नाहीत, मावशी. रक्त फार कमी झालं की काहींना असा बर्फ खावासा वाटतो. आणि तो हिरवा चहाच आहे. चहाबरोबर घेतलेली गोळी अंगाला फारशी लागत नाही.”

दवाखान्यातून घरी आल्याबरोबर आईनं डबा उचलून फडताळात सगळ्यात वर, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे ठेवला. इंजेक्शनं सुरू झाली. गोळी आता लिंबाच्या पाण्याबरोबर, आणि मळमळलं तरी पुन्हा. वहिनी बर्फ मागायची नाही. दुपारी ओठ दाताखाली धरून बसायची आणि फ्रीजकडे बघायची. त्या दिवसांत घर इतकं शांत झालं की मला ती करकर परत ऐकू यावी असं वाटायचं, आणि येऊ नये असंही.

महिनाभर मिळाला असता तर काही भरून आलं असतं, असं बाई नंतर म्हणाल्या. तेवढा मिळाला नाही. एका सकाळी पाऊस कोसळत असताना कळा सुरू झाल्या. दुपारच्या आत मुलगी झाली. लहानशी, पण मोठ्यानं रडली. तिचं रडणं ऐकून आईनं हात जोडले, आणि तेवढ्यात एक नर्स पळत बाहेर आली. रक्तस्राव थांबत नव्हता. त्यात फार रक्त गेलं नव्हतं, दुसरी एखादी निभावली असती, हेही बाईंनीच नंतर सांगितलं. वहिनीजवळ घालवायला रक्तच नव्हतं.

रक्ताच्या बाटल्या बाहेरगावाहून आणाव्या लागल्या. आम्ही बाकावर बसून रस्त्याकडे बघत होतो. जीप आली तेव्हा ड्रायव्हर थर्मोकोलची पेटी छातीशी धरून पायऱ्या चढला. आतून बाई बाहेर आल्या, त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि ती आत नेऊ नका म्हणाल्या. पेटी बाकावर आमच्या शेजारी राहिली. झाकण सरकलं होतं. आतला बर्फ जवळजवळ तसाच होता.

दादा आला तेव्हा दिवसकार्य उरकत आलं होतं. त्यानं मुलीला घेतलं, मानेखाली हात धरायचं आईनं दाखवलं तसा धरला. संध्याकाळी बॅग उपसताना त्यातून लहान मुलांचे कपडे निघाले, आणि तसलाच एक डबा. तिनंच फोनवर मागितला होता, तो म्हणाला, पहिला संपत आलाय म्हणून.

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

त्यानं डबा खिडकीत ठेवला. बराच वेळ मुलीला थोपटत बसला. मग वर न बघता विचारलं, “गोळ्या घ्यायची ना ती?”

“घ्यायची,” मी म्हणाले. “एकही चुकवली नाही.”