शेटे सरांच्या वहीतली रिकामी चौकट

अक्कांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. सकाळची वेळ होती, वरून खालून माणसं जात-येत होती, आणि फोनवर अक्का म्हणाल्या, "कोडोलीकर, सर गेलं गं." अक्का म्हणजे शेटे सरांच्या पत्नी. आम्ही सगळे विद्यार्थी त्यांना अक्काच म्हणायचो, कारण गडहिंग्लजकडच्या त्यांच्या घरात तसंच म्हणायची पद्धत होती. मी मिळेल त्या गाडीनं निघाले, पण शिवाजी पेठेतल्या सरांच्या घरी पोहोचले तेव्हा सरांना समाधी देऊन लोक परतलेही होते. दारात चपलांचा ढीग होता. सर जिथं शिकवायचे त्या वरच्या खोलीला कुलूप होतं. आता सव्वा महिना झाला. या सव्वा महिन्यात मी रोज ठरवत होते, की सरांबद्दल लिहायचं झालं तर जे खरं आहे ते लिहायचं... आणि जे खरं आहे ते माझ्या बाजूचं नाही.

मल्लिकार्जुन शेटे सर एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होते. त्यांचं पद शिक्षकाचं नव्हतं, पण सर म्हणायला पद लागत नाही. निवृत्तीच्या आधीपासूनच त्यांनी घराला लागूनच असलेल्या भावाच्या भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत जुने संगणक गोळा केले होते, आणि शनिवारी तिथं पाच-सहाजणांना शिकवायचे. खाली भांड्यांचा आवाज, शेजारी तालीम, आणि फुटबॉलची मॅच असली की सगळी पेठ मैदानावर. त्या दुपारी मात्र खोलीत इतकी शांतता असायची, की जुन्या मशीनचा पंखा ऐकू यायचा. मी कोडोलीहून एसटीनं यायचे. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. संगणकाला हात लावायची भीती वाटायची, मोडला तर भरून द्यायचा कुठून म्हणून. पहिल्याच दिवशी सरांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि नाव विसरून गेले. तेव्हापासून मी कोडोलीकर. पुढं अक्काही तेच म्हणू लागल्या.

सरांचा ध्यास एकच होता, आणि तो बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड होतं. संगणकाचा सगळा कारभार चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिचे प्रकार अनेक. एका प्रणालीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवरही चालावा, म्हणून जाणत्या लोकांनी एक मानक लिहून ठेवलं आहे, त्याला पॉझिक्स म्हणतात. कुठल्या आज्ञेनं काय करावं, उत्तर कसं द्यावं, हे त्यात ओळीओळीनं सांगितलेलं आहे. लिनक्स आणि बीएसडी या कुणालाही मोफत घेता येणाऱ्या, उघडून बघता येणाऱ्या प्रणाली. त्या हे मानक बऱ्याच अंशी पाळतात, पण पाळल्याचं अधिकृत प्रमाणपत्र त्यांतल्या फारच थोड्यांजवळ असतं. ते मिळवायला खर्च येतो, आणि ज्यांची मालकीच कुणा एकाची नाही त्यांच्यासाठी तो करणार कोण? एकदा एका सरकारी कचेरीत शाळांसाठी संगणक घ्यायचे होते. सरांनी मोफत प्रणाली सुचवली. बैठकीतल्या साहेबांनी विचारलं, प्रमाणपत्र कुठं आहे? सर म्हणाले, प्रमाणपत्र नाही, पण मी तपासून बघितलंय. साहेब हसले, बाकीचेही हसले, आणि पुढचा विषय सुरू झाला. त्या दिवशी घरी येताना सरांनी दोनशे पानी वही आणली.

त्या वहीत आडव्या ओळीत मानकातला एकेक नियम आणि उभ्या चौकटी. लिनक्स पाळते का, बीएसडी पाळते का, प्रत्येक मशीननं प्रत्यक्षात दिलेलं उत्तर काय, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही. वहीचा नियम एकच होता. ज्यानं चालवलं त्यानंच लिहायचं, आणि चुकलं तर ज्याची सही त्यानंच दुरुस्त करायचं. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही, अगदी सरांनीसुद्धा नाही. आम्ही काहीही सांगायला गेलो की सरांचा प्रश्न ठरलेला असायचा. "चालवून बघितलंस काय?" पुस्तकात लिहिलंय सर, असं म्हटलं की ते म्हणायचे, "पुस्तक न्हाय विचारलं मी." हा प्रश्न फक्त संगणकापुरता नव्हता. अक्कांनी नवा कुकर आणला, तर झाकण लावून शिट्टी होईपर्यंत सर दुकानातून हलले नव्हते, असं अक्का हसत सांगायच्या.

माझे वडील गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उकळणारा उसाचा रस नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा माणूस. कॉलेजात मी हे कुणाला सांगत नव्हते. सरांना कसं कळलं कोण जाणे, एका शनिवारी क्लास संपल्यावर म्हणाले, चल, मला तुझ्या गावचं गुऱ्हाळ बघायचंय. त्यांच्या स्कूटरवरून आम्ही कोडोलीला गेलो. वडील अंगात बनियन घालून धुरात उभे होते. मला वाटलं, आता सरांना काय वाटेल... सरांनी त्यांना विचारलं, ऊस रोज वेगळा, जाळ वेगळा, मग पाक झाला हे तुम्ही ओळखता कसं? वडिलांनी पळीतला थेंब गार पाण्यात टाकला, बोटांनी वळून त्याची गोळी केली आणि सरांच्या हातावर ठेवली. म्हणाले, "ऊस कुठला, कुणाचा, ते मला सांगू नगा. गोळी झाली तर गूळ." सर ती गोळी हातात धरून कितीतरी वेळ उभे होते. परतीच्या वाटेवर स्कूटर चालवताना मान अर्धवट वळवून म्हणाले, "तुझा बाप रोज चालवून बघतो गं. तू कुणाची पोरगी हाईस हे विसरू नको." त्यानंतर मी वडिलांचं काम कधी लपवलं नाही.

आणि तरीही मी ते केलं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती. माझ्या वाट्याला आलेल्या ओळींत एक ओळ 'डीएफ' नावाच्या आज्ञेची होती. साठवणीच्या डिस्कवर किती जागा उरली आहे, एवढंच ती सांगते. तिच्यात तपासायचं काय, असं मला वाटलं. बीएसडीचं मशीन त्या दिवशी दुसरं कुणीतरी वापरत होतं आणि मला एसटी गाठायची होती. मी दोन्ही चौकटींत 'पाळते' लिहिलं, सही केली आणि निघाले. आलेल्या उत्तराची चौकट रिकामी राहिली. नंतर भरू म्हटलं, आणि विसरले.

पुढं काही महिन्यांनी कळंब्याजवळच्या एका रक्ततपासणी केंद्राचं काम सरांकडं आलं. तपासणीचे आकडे संगणकावर साठत जायचे, आणि जागा कमी पडू लागली की जुने आकडे दुसरीकडं हलवायचे. ते काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला, सरांच्या खोलीतल्या लिनक्सवर. केंद्रातलं नवं मशीन बीएसडीचं होतं. सरांनी मला विचारलं, दोन्हीकडं जागेचं उत्तर सारखंच येतं नव्हं? वहीत ओळ हाय? मी म्हणाले, आहे सर. माझीच आहे. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. ज्याची सही त्याचा शब्द, असं त्यांचं होतं.

पण उत्तर सारखं येत नाही. मानक सांगतं की, वेगळं काही मागितलं नाही तर जागा पाचशेबारा बाइटच्या तुकड्यांत मोजावी. बीएसडी तशीच मोजते. लिनक्सवर आम्ही वापरत होतो ती आज्ञा मात्र एक हजार चोवीसच्या तुकड्यांत मोजते, कारण लिहिणाऱ्यांना तेच सोयीचं वाटलं. मानकाप्रमाणे मोज असं आधी सांगून ठेवलं तरच ती मानकाप्रमाणे मोजते. म्हणजे जागा तेवढीच, पण बीएसडीचा तुकडा निम्मा, म्हणून तिथं आकडा दुप्पट दिसतो. माझ्या प्रोग्रामला वाटत राहिलं की अजून भरपूर जागा आहे. आणि एके सकाळी डिस्क भरली. त्या सकाळी आलेल्या लोकांचे आकडे कुठं साठलेच नाहीत, आणि ते लक्षात येईपर्यंत नमुने निकामी झाले होते. सगळ्यांना परत बोलवावं लागलं, परत उपाशीपोटी.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन केंद्रात गेले. बाकावर फेटा बांधलेले एक आजोबा बसले होते. पहिल्या एसटीनं, पाण्याचा घोटसुद्धा न घेता आलेले, सलग दुसऱ्या दिवशी. सरांकडं बघून म्हणाले, "व्हय पावणं, रगात काय हिरीचं पाणी हाय व्हय, रोज शेंदाय?" आत डॉक्टरांनी विचारलं, हा प्रोग्राम कुणी केला? मी सरांच्या मागं उभी होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. सर म्हणाले, "चूक माझी हाय." मग बाहेर येऊन त्यांनी आजोबांपुढं हात जोडले, त्यांचं रक्त काढून होईपर्यंत शेजारी बसून राहिले, समोरच्या हॉटेलात त्यांना पोटभर खाऊ घातलं आणि स्कूटरवरून स्टँडवर सोडून आले. मी केंद्राच्या दारात उभीच होते... परत आल्यावर सरांनी माझ्या प्रोग्रामात फक्त एक अक्षर वाढवलं. त्या अक्षरानं दोन्ही प्रणाली एकाच मापात उत्तर देतात, तशी सोय मानकातच आहे. वहीचा विषय त्यांनी काढला नाही. मला वाटलं, मी न चालवताच सही केली हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. आणि हे वाटून मला बरं वाटलं, हेही इथं लिहिलं पाहिजे.

पुण्यात मला नोकरी लागली ती याच कामाची. एका प्रणालीवरचे प्रोग्राम दुसरीवर चालतात का हे तपासायचं. मुलाखतीत मी सरांच्या वहीबद्दलच बोलले होते. पहिल्या पगाराला मी सरांना पेन दिलं. त्यांनी ते उघडून कागदावर दोन रेघा मारून बघितल्या आणि मगच खिशाला लावलं. दरवर्षी दिवाळीला जात होते. दरवर्षी ठरवत होते, यंदा सांगायचं. सर चहा पिता पिता विचारायचे, काय म्हणतंय पुणं, हल्ली नवीन काय चालवून बघितलंस? आणि मी कामाचं काहीतरी सांगायचे. शेवटच्या वेळी गेले तेव्हा ते अंथरुणावर होते. वर खोलीत जायचं त्यांना जमत नव्हतं. मला म्हणाले, "वर जाऊन ये की जरा." मी म्हणाले, पुढच्या वेळी जाते सर, आता तुमच्यापाशीच बसते. ती पुढची वेळ मागच्या रविवारी आली.

अक्कांनी खोलीची किल्ली दिली. लिनक्सचं आणि बीएसडीचं, दोन्ही जुनी मशीन जागच्या जागी होती, कापडांनी झाकलेली. वह्या सात. मी तिसरी काढली आणि ती आपोआप त्याच पानावर उघडली, कारण त्या पानात एक चिठ्ठी होती. सरांचं बारीक अक्षर, 'कोडोलीकर आली की.' एवढंच. माझी ओळ जशीच्या तशी होती. दोन्हीकडं 'पाळते', खाली माझी सही, आणि उत्तराची चौकट रिकामी. आजूबाजूच्या कितीतरी ओळी मुलांनी नंतर येऊन सुधारल्या होत्या, आपापल्या सहीनं. माझ्या ओळीवर सरांनी पेन्सिलचा ठिपकासुद्धा ठेवला नव्हता. रिकामी चौकट बघून कुणालाही कळलं असतं, की ही ओळ चालवलेलीच नाही.

अक्का दाराशी येऊन उभ्या होत्या. मी विचारलं, सरांना ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, "आजोबांस्नी सोडून आलं, त्याच दिवशी वही काढून बसलं हुतं. मी म्हणलं, बोलवून सांगा की पोरीला. तर म्हणालं, तिची तिनं यायला पायजे." मग म्हणाल्या, "दर दिवाळीला खोली झाडायला काढली की म्हणायचं, ती चिठ्ठी तेवढी हलवू नगं... कागद दोनदा फाटला. दोनदा नवा लिवला त्यांनी."

मी मशीनवरचं कापड काढलं. दोन्ही सुरू व्हायला बराच वेळ लागला, पण झाली. दोन्हीवर ती आज्ञा चालवली, आलेली उत्तरं आकड्यांसकट चौकटीत उतरवली. बीएसडी, पाळते. लिनक्सपुढचं 'पाळते' खोडून लिहिलं, 'वेगळं सांगितल्याशिवाय पाळत नाही'. खाली सही केली, आणि सवयीनं मान वर करून खिडकीजवळच्या खुर्चीकडं बघितलं. सही झाली की तिथून तो प्रश्न यायचा.

पेन वहीत ठेवण्याआधी मी दोन्ही मशीनवर ती आज्ञा पुन्हा एकदा चालवून बघितली.