लुकमास्तर आणि लहानूचा वणवा

दहिवलीच्या शाळेत लुकमास्तर इंग्रजी शिकवत, ते नदीवर नेऊन. मी तिथंच गणित शिकवायचो. त्यांचा आरडाओरडा माझ्या वर्गात ऐकू आला की पोरं बेरीज सोडून तिकडे कान लावत. "लुक! म्हणजे मान वळवा. खंड्या दिसला? झालं, ते सी! आता तो मासा धरेपर्यंत पापणी लवली तर खबरदार. हे वॉच!" खंड्याने सूर मारला की पोरांच्या आधी मास्तरच उडी मारत.

आपण मराठीत तिन्हींना 'बघितलं' म्हणून मोकळे होतो, याचं त्यांना भारी वाईट वाटे. "अहो, ही भावंडं आहेत. एकाच्या खोडीसाठी दुसऱ्याच्या पाठीत धपाटा बसता कामा नये!" शब्दांवर एवढा जीव टाकणारा माणूस मला जरा चक्रमच वाटायचा.

मग एका उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला. जंगलाच्या शिपायांनी वणवा लावल्याच्या संशयावरून ठाकरवाडीतल्या लहानूला धरलं, आणि जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाच्या तंबूत दुभाषी म्हणून लुकमास्तरांना बोलावणं आलं. मीही मागोमाग गेलो.

"मी वनवा बगितला, सायेब," लहानू म्हणाला. साहेबाने टेबलावर छडी आपटली आणि त्या गडबडीत मास्तरांच्या तोंडून 'वॉच' निघून गेलं. साहेब लालबुंद झाला. जंगल जळतंय आणि हा उभा राहून मजा बघतोय? टाका तुरुंगात!

"चुकलो!" मास्तर एवढ्यांदा ओरडले की शिपाई दचकले. "लहानू, वणवा दिसल्यावर काय केलंस रे?"

"वाडीवर वरडत धावलो, मास्तर. मानसा आनली नि डहाळ्यांनी झोडपला."

मग काय सांगू! मास्तर आधी कमरेवर हात ठेवून टक लावून उभे राहिले. "वॉच? नो, सर!" मग धोतर खोचून, बोंब मारत तंबूभोवती पळत सुटले. "सॉ अँड रॅन, सर! सॉ अँड रॅन!" टोपी एकीकडे, उपरणं एकीकडे. साहेब आधी थक्क झाला, मग खो खो हसला आणि त्याने लहानूला सोडून दिलं. लहानू मास्तरांची टोपी झटकत रडत होता. मलाही हसता हसता रडू फुटलं. त्या दिवसापासून मास्तरांना चक्रम म्हणायची माझी छाती झाली नाही.

म्हातारपणी त्यांचे डोळे गेले. मी भेटायला गेलो तेव्हा ओट्यावर नदीकडे तोंड करून बसले होते. मी शेजारी टेकलो.

"काही दिसतं का हो, मास्तर?"

"सी संपलं," ते म्हणाले. तेवढ्यात पाण्यात डुबुक असा आवाज झाला आणि त्यांनी झटकन मान वळवली. चेहरा पोरासारखा फुलला होता. "पण लुक चालूच आहे!"