तीन बोटं खाली

शेडनेटमध्ये मिरचीच्या रोपांना पाणी देत होते तेव्हा गजाननचा फोन आला. गजानन म्हणजे रशीदभाईंच्या गॅरेजला लागून ज्याचं पंक्चरचं दुकान आहे, तो. एरवी हा माणूस एवढा ओरडून बोलतो की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्या दिवशी त्याचा आवाजच निघेना. "ताई... रशीदभाई गेले व. आत्ताच, घंटाभर झाला." मी त्याच्यावर खेकसलेच. म्हटलं, "काहीच्या काही बोलू नको बे! परवा तर त्यायनं माझ्या हातात चावी देली." तो म्हणाला, "हाव ताई, पन गेले. चहा पेता पेता गेले." मी फोन ठेवला आणि पाण्याची नळी धरून तशीच उभी राहिले. एकाच ट्रेवर पाणी पडत होतं, रोपं कोकोपीटसकट वाहून चालली होती. मला ते दिसत होतं, तरी हात हलेना. आज महिना होऊन गेला. लोक म्हणतात, सावरा आता स्वतःला. कसं सावरायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

मी उंद्रीची. मिरची, टमाटे, वांगी, कोबी यांची रोपं तयार करते आणि माझ्याच पिकअपनं राजूर घाट उतरून नांदुऱ्यापर्यंत पोचवते. काही वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडले आणि उजवा गुडघा कायमचा हट्टाला पेटला. अर्धा वाकतो, पुढं नाही म्हणजे नाही. ब्रेक-ॲक्सिलेटर दाबायला तेवढं पुरतं, त्यामुळं गाडी चालवायला अडत नाही. अडायचं ते गाडीत चढायला. पिकअपची सीट माझ्या कमरेच्याही वर. घरी आमचे हे असतात, हात देतात, पण बाजारात कोण? तिथं कुणीतरी "ताई, धरू का?" म्हणत पुढं यायचं. कुणी दंड धरायचं, कुणी पाठीला हात लावायचं, कुणाचा हात नको तिथं जायचा आणि वरून आपणच "उपकार झाले भाऊ" म्हणायचं! अंगाची नुसती आग व्हायची. पायरी लावून पाहिली. पाय वर उचलताच येत नाही, त्याला पायरीचा काय उपयोग? ती आणखी खाली लावली, तर वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपटून आठ दिवसांत वाकडी झाली. घरचे म्हणाले, विकून टाक गाडी, ड्रायव्हर ठेव. मी म्हटलं, माझी गाडी आहे, मीच चालवणार आणि मीच चढणार. मला दुसरं काही नको होतं हो. फक्त एकटीनं चढायचं होतं.

कुणीतरी रशीदभाईंचं नाव सांगितलं. चिखली रोडवर त्यांचं गॅरेज, मागंच घर. पन्नाशीचे असतील. अंगानं काटक, दाढी मेंदीनं रंगवलेली, आणि बोलणं इतकं सावकाश की माझ्यासारखीला ऐकता ऐकता घाम फुटावा. मी गेले तेव्हा ते म्हणाले, "चढून दाखवा बरं ताई." चढताना माझी जी तारांबळ व्हायची ती झाली. "अजून एक खेप." पुन्हा तेच. "अजून एक." मदतीला एक पाऊल पुढं आले नाहीत. मला असा राग आला, म्हटलं तमाशा पाहून राह्यले काय? तर हा माणूस शांतपणे म्हणतो, "ताई, तुमाले चढाचंच नाही. तुमाले बसाचं आहे. पाठमोरं होऊन आधी सीटवर बसा, मंग दोन्ही पाय एका खेपेत आत घ्या. फक्त सीट तेवढी खाली पाह्यजे." सहा वर्षं मी त्या गाडीशी झटत होते आणि हे मला सुचलं नव्हतं.

मग माप घ्यायचं ठरलं. त्यांनी नसीमभाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हाक मारली. हातातलं पीठ झटकत भाभी आल्या. त्यांनी टेपनं माझ्या कमरेची उंची घेतली आणि भाई तेवढा वेळ पान्यांच्या फळीकडं तोंड करून उभे होते. भाभी आकडा सांगायच्या, ते भिंतीकडं बघत बघत पाटीवर लिहायचे. हिशेब निघाला पाच बोटांचा. "तीन बोटं पुढच्या स्प्रिंगातून काढतो, दोन सीटच्या गादीतून. मांगं हात नाही लावाचा, तुमचा माल तिथं राह्यते." मला घाई. म्हटलं, "पाचही स्प्रिंगातूनच काढा ना, गादी काऊन पातळ करता?" ते हसले. "पाच काढली त स्प्रिंगले दबाले जागाच नाही, गाडी खालच्या रबरावर बसंन. एक एक खड्डा सरळ तुमच्या मनक्यात. चाकं वरून आत झुकतीन, टायर एका बाजूनं झिजंन, अन् घाटातल्या वळनावर गाडी तुमचं ऐकनार नाही. गाडी खाली बसवाले एक घंटा लागते ताई. खाली बसून तिनं सरळ चालावं, त्याले टाइम लागते."

टाइम लागला, आणि माझा स्वभाव असा की मला तो लागलेला चालत नाही. आखूड आणि जरा जाड तारेच्या स्प्रिंगा अकोल्याहून नवीन वळवून आणायच्या होत्या. भाई स्वतः जाऊन घेऊन आले. दोन्हींवर सारखं वजन ठेवून पाहिलं, तर एक दुसरीपेक्षा सूतभर जास्त दबत होती. सूतभर म्हणजे किती, तर माझ्या डोळ्यांना दिसतही नव्हतं. भाईंनी दोन्ही परत करायला बाजूला ठेवल्या. "डावी-उजवी सारखी नसली त ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाले ओढते." मी रोज फोन करायची. रोज! कधी सकाळ-संध्याकाळ दोनदा. "कधी देता भाई?" आणि ते रोज तेच सांगायचे, "देतो ताई, देतो."

मधे ते भाचीच्या लग्नाला दुसरबीडला गेले, चार दिवसांसाठी. तेवढ्यात मी जे केलं ते लिहितानाही लाज वाटते. माझ्या मामेसासऱ्यांनी हयातभर बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या. धाव लालबुंद तापवायची, चाकावर ठोकायची, वरून पाणी ओतायचं, की ती आवळून बसते. ते म्हणाले, "लोखंड इथून तिथून सारखंच व. मी बसवून देतो तुई गाडी." त्यांनी गॅसची बत्ती आणवली, जुन्या स्प्रिंगा गाडीवरच लाल केल्या, गाडी आपल्याच वजनानं खाली आली आणि त्यांनी वरून दोन बादल्या पाणी ओतलं. मी पाठमोरी बसले, पाय आत घेतले. जमलं! मी रडले, पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी गावाजवळच्या वळणावर उजवी स्प्रिंग कडाडून तुटली आणि गाडी सोयाबीनच्या वावरात जाऊन थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही, पण पुढचे शॉकॲब्सॉर्बर आणि चाकाजवळचा दांडा पार वाकला.

भाई आले. तुटका तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले. ओरडतील म्हणून मी तोंडातल्या तोंडात उत्तरं तयार ठेवली होती. ते हळूच म्हणाले, "धावेचं काम आवळाचं असते, म्हनून तिले पानी. स्प्रिंगचं काम झेलाचं असते ताई. तुमी तिचा जीवच काढून घेतला." मग एकदम आवाज चढला, मी त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. "हेच राजूर घाटात झालं असतं त? कोनाले तोंड दाखवलं असतं मी?" काम आठवडाभर वाढलं. "आता फोन करू नका, झाली का मीच करीन," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी फोन केलाच.

अखेर एका गुरुवारी गाडी झाली. नवीन स्प्रिंगा, आखूड शॉकॲब्सॉर्बर, चाकं मशीनवर लावून सरळ केलेली. पुढचं तोंड खाली आलं म्हणून हेडलाइटसुद्धा उचलून लावलेले. मागं ट्रे भरून आम्ही राजूर घाटात गेलो. उतरताना ते चालवत होते, चढताना मी. "वळन संपलं का स्टेअरिंग जरा ढिलं सोडा." सोडलं, तर ते आपलं आपण सरळ झालं. मी पोरीसारखी हसत होते. वर आल्यावर ते म्हणाले, जरा थांबवा. उतरून दगडावर बसले, डावा हात चोळत होते. वारा गार होता आणि त्यांच्या कपाळावर घाम. "काय झालं भाई?" "काही नाही, जॅक मारून मारून हात भरला." आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "उद्या बाजार आहे, आज गाडी भेटंन ना?" हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं. ते उठले, म्हणाले, "घ्या ना ताई, तुमचीच हाये."

शुक्रवारी नांदुऱ्याच्या बाजारात एक हमाल नेहमीसारखा पुढं आला. मी म्हटलं, नको भाऊ. बसले, पाय घेतले, दार लावलं. तिथूनच भाईंना फोन केला. "बसल्या काय एकट्या?" "बसले!" "अन् घाटात?" "एकदम सरळ." "मंग झालं," म्हणाले आणि हसले. शनिवारी सकाळी गजाननचा फोन आला.

दहा-बारा दिवसांनी भाभींकडं गेले. त्याच बोलायला लागल्या. "डॉक्टरनं सांगतलं होतं त्याईले, अकोल्याले जा, दिल तपासून घ्या म्हनून. चिठ्ठी लिहून देली होती. मी रोज मांगं लागे. त म्हनत, ताईची गाडी देतो, मंग जातो. रोज फोन येऊन राह्यला त्यायचा." मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "पण भाभी, ते तर अकोल्याले गेले होते ना?" "दोनदा गेले. दोन्ही खेपा चिठ्ठी खिशात होती. पह्यल्या खेपेले स्प्रिंगा आनल्या, दुसऱ्या खेपेले त्या बदलून आनल्या. म्हने दवाखान्यात नंबर लावला असता त अख्खा दिवस गेला असता. सोमवारी जानार होते." त्यांच्या बोलण्यात माझ्यावर जरासुद्धा ठपका नव्हता. मला चार शिव्या दिल्या असत्या, दारातून हाकललं असतं, तर मी तिथं मोकळी रडले तरी असते. त्यांनी चहा ठेवला. कप माझ्या हातात देताना विचारलं, "गाडी बरी चालते ना ताई?"

बरी चालते भाभी. इतकी बरी चालते की मला सहन होत नाही. रोज सकाळी मी पाठमोरी बसते, दोन्ही पाय आत घेते, कुणाला हाक मारावी लागत नाही. जे मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. आणि मग चावी हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसते. भाई, एक शब्द बोलला असतात. ताई, मला दवाखान्यात जायचं आहे, एवढंच. मी वाट पाहिली असती. महिना, वर्ष, लागेल तेवढी. त्या बाजारात कुणाचाही हात धरून चढले असते मी... चढले असते हो.