एनिफाचं ताटाचं गाणं

राजधानी लिलोंग्वेच्या विमानतळावर कुणी मोठा माणूस उतरणार असला की स्वागताला बायका नाचतात, आणि त्या बायकांच्या पुढे एनिफा काचाले असते. सरकार कुणाचंही असो. कमरेच्या कापडावर छापलेला अध्यक्षांचा चेहरा बदलतो, कंबर तीच राहते, असं ती स्वतःच म्हणते.

जुन्या अध्यक्षांचं एका परदेशी राजदूताशी वाजलं, तेव्हा पक्षाने तिच्याकडून गाणं मागवलं. राजदूताने मदतीचा हिशेब मागितला होता आणि अध्यक्षांना तो अपमान वाटला होता. एनिफाने मका कांडता कांडता गाणं जुळवलं: ‘तू येण्याआधीही आमची चूल पेटत होती, ताट उचल आणि चालू लाग.’ गाणं असं गाजलं की लग्नातही वाजायला लागलं. राजदूताला देशाबाहेर काढलं त्या दिवशी बायकांनी विमानतळाच्या कुंपणाशी तेच गाऊन त्याची पाठवणी केली. एनिफा सगळ्यांच्या पुढे होती आणि अगदी मनापासून गात होती. घरी येऊन ती मक्याच्या पिठाची घट्ट नसीमा आणि सुकी मासळी पोटभर जेवली.

आता गंमत अशी की एनिफा रोज एक गोळी घेते. नवरा ज्या आजाराने गेला तो तिच्याही रक्तात आहे, आणि त्या गोळीच्या जोरावर ती इतकी वर्षं ठणठणीत नाचते आहे. गोळ्या वस्तीतल्या दवाखान्यात मिळायच्या आणि दवाखान्याला त्या याच राजदूताच्या देशाकडून यायच्या. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. पण गाणं रंगलं की औषधाची आठवण कुणाला राहते?

मदत आटली. आधी पेट्रोल गेलं, मग साखर, आणि एक दिवस दवाखान्यातली तियांजाने नावाची नर्स खालच्या आवाजात म्हणाली, “आई, आता तीन महिन्यांच्या नाही मिळणार. दोन आठवड्यांच्या घ्या.”

“आणि त्या संपल्या की?”

“या परत. असल्या तर देईन.”

भलीमोठी बाटली आणि तळाशी जेमतेम चौदा गोळ्या. पिशवीत ठेवली की प्रत्येक पावलाला खुळखुळायची, आणि तो खुळखुळाट कशाचा ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. एनिफाने बाटलीत कापूस कोंबला. आजाराचं फक्त तिच्या नणंदेला, एलेडियाला ठाऊक होतं, आणि एलेडिया टोमणा मारायची संधी सोडणारी बाई नव्हती.

“गाऊन राजदूत घालवलास. आता एखादं गाऊन गोळ्या आण बघू.”

“भावाच्या बायकोला असं बोलतात?”

“भावाच्या बायकोलाच बोलतात. दुसऱ्या कुणाला बोलले तर मारतील मला.”

दोघी हसल्या. पण एनिफाला रात्रीची झोप लागेना. आपल्याच तोंडाने आपण आपलं औषध हाकलून दिलं, हे तिच्या मनातून जाईना.

निवडणुकीत जुने अध्यक्ष पडले. नवे आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात त्या देशाला निरोप धाडला की झालं गेलं विसरू या, तुमचा माणूस परत पाठवा. राजदूत यायला निघाला आणि नव्या अध्यक्षांच्या पक्षाच्या चिपेटाबाई एनिफाच्या दारात हजर.

“स्वागताचं गाणं हवं. गोड हवं.”

“बाई, आधीचं कुणी केलं होतं, आठवतंय ना?”

“म्हणूनच तुझ्याकडे आले. तो रागावून परत गेला तर नव्या अध्यक्षांची पहिल्याच दिवशी शोभा होईल.”

अध्यक्षांच्या शोभेचं एनिफाला फारसं पडलं नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे तियांजानेचं रिकामं फडताळ होतं. तिने नवे शब्द केले, पण चाल ताटाच्या गाण्याचीच ठेवली.

एलेडियाने कपाळावर हात मारला. “तीच चाल? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“बायकांच्या पायांत तीच बसलीय. दोन दिवसांत नवी कुठून आणू? शब्द तेवढे बदलायचे.”

राजदूत विमानाच्या पायऱ्या उतरला, अध्यक्षांनी हात पुढे केला आणि ढोल सुरू झाले. पहिलं कडवं छान गेलं. मग धृपद आलं, आणि दोन वर्षं जे तोंडात बसलं होतं तेच मागच्या रांगांतून दणक्यात बाहेर पडलं: ‘ताट उचल आणि चालू लाग!’

ढोल थांबले. चिपेटाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. अध्यक्षांचा हात राजदूताच्या हातात तसाच अडकून राहिला. पण एनिफाच्या आजोळची एक रीत होती. घराघरांतली भांडणं बायका गाण्यात भांडायच्या, आणि ज्याच्यावर गाणं असेल त्याला रिंगणात ओढून नाचवलं की भांडण मिटलं असं धरायचे. ती सरळ राजदूतापुढे गेली, खांद्यावरचं कापड काढून त्याच्या कमरेला बांधलं आणि धृपद पुन्हा उचललं: ‘ताट उचल आणि आत ये, दारात का उभा? चूल अजून पेटलेली आहे.’

मागून पहिला आवाज एलेडियाचा आला. मग सगळ्याच गाऊ लागल्या, ढोलही घुमू लागले. राजदूत क्षणभर गांगरला, मग सुटाबुटात, कमरेला ते कापड, नाचला. वाईट नाचला, पण नाचला. अध्यक्ष मोठ्याने हसले. धापा टाकत राजदूत एनिफाला तिच्याच भाषेत म्हणाला, “हे गाणं माझी स्वयंपाकीण म्हणायची. मी घरात नाही असं वाटलं की.”

“तिला कामावरून काढलंत?”

“छे, तिच्यासारखी भाजी कोण करणार?”

एनिफा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते नुसत्या हसण्याचं नव्हतं.

औषधं यायला पुढे काही महिने गेले. मध्ये दोनदा ती रिकाम्या हाताने परतली. मग एका सकाळी तियांजानेने फडताळ उघडलं आणि बाटली पुढे केली. एनिफाने पिशवीत ठेवण्याआधी सवयीने आत कोंबायला कापूस काढला. पण कापसाला बाटलीत जागाच नव्हती.

बाहेर एलेडिया उभी होती. एनिफाने बाटली तिच्या कानाशी धरून जोरात हलवली.

“काय?” एलेडिया म्हणाली. “काहीच ऐकू येत नाही.”

“तेच ऐक,” एनिफा म्हणाली.