धर्माकाकांच्या काठ्या

फोटो दाखवला की धर्माकाका पक्षी सोडून बाकी सगळं बघायचे. मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरून मोठ्या कौतुकाने म्हणायची, "बघा काका, डोळ्यातली चमकसुद्धा आलीय." ते मान तिरकी करून विचारायचे, "ह्यो मागचा बांध पंपाकडचा ना? पानी उतरून अर्धा तास झालाय." आणि ते बरोबर असायचं. पहिल्यांदा मला रागच आला होता. तासभर उन्हात बसून मी फोटो काढला आणि हा माणूस चिखल बघतोय!

मी नालासोपाऱ्यात राहते, सातिवलीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन खाडीकडच्या मिठागरांवर जाते. काकांचा सगळा जन्म त्या मिठागरांत गेला. डोक्याला टॉवेल, पाय मिठाने भेगाळलेले. पक्ष्यांची पुस्तकी नावं त्यांना येत नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. मी ऐटीत नाव सांगितलं की म्हणायचे, "नाव असू दे. खातो काय ते सांग." मला सांगता यायचं नाही. मग आम्ही दोघं बांधावर बसून बघत राहायचो. चिखलात चोच खुपसताना तो पक्षी मध्येच का थांबतो, या एका प्रश्नावर आमची अख्खी सकाळ गेलेली आहे. उत्तर अजून मिळालेलं नाही.

उन्हाळ्यात तिथे शेकाटे अंडी घालतात. काळे पंख, गुलाबी लांबच लांब पाय, आणि घरटं म्हणाल तर बांधावरच्या ढेकळांत उघडीच ठेवलेली चार अंडी, मातीच्याच रंगाची. मिठाची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला ती दिसणं शक्य नाही. म्हणून अंडी सापडली की काका शेजारी एक काठी रोवायचे. काठी दिसली की पाटीवाल्या बायका वळसा घालायच्या. ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. "कोनाला वरडून सांगावं लागत नाय," काका म्हणायचे.

एका वर्षी मी अंड्यांवर बसलेल्या शेकाट्याचा फोटो आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर टाकला. जागेचं नाव लिहिलं नाही. सावध होते ना मी! पण मागे काठी दिसत होती, आणि काठीच्या मागे पंपाच्या खोलीचं निळं छप्पर.

पुढच्या रविवारी गेले तर आठ-नऊ जण मोठमोठ्या लेन्स घेऊन बांधावरून फिरत होते. शोधायची गरजच नव्हती. एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत चालत जायचं, बस्स. शेकाटे डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होते आणि अंडी उन्हात उघडी पडली होती. काका हात हलवत धावले तर एकाने हसून सांगितलं, "अंकल, बस दो मिनट." ती दोन मिनिटं दुपारपर्यंत चालली.

ते गेल्यावर काकांनी वाकून एका अंड्याला बोटाची मागची बाजू लावली. "भाजली," एवढंच म्हणाले. मी रडतच मोबाइलवरचा फोटो त्यांना दाखवला आणि चूक कबूल केली. त्यांनी तो नेहमीसारखा पाहिला. "ही काठी माझी. हे छप्पर पंपाचं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "इतकी वर्षं तुला मागचंच बघायला सांगत होतो ना, बाय?"

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

आता काठ्या काढाव्यात तर पाटीवाल्यांच्या पायांखाली अंडी जाणार, ठेवाव्यात तर लेन्सवाले येणार. दोन रविवार काका माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या रविवारी बघते तर सगळ्या मिठागरभर काठ्या! पन्नास तरी असतील. आणि पाटीवाल्या मात्र मोजक्याच काठ्यांना वळसा घालून जात होत्या.

"खरी कुठली?" मी विचारलं.

"आमाला ठाऊक."

"मला सांगा ना."

"तुला नाय सांगनार." माझ्या हातात काठ्यांची मोळी देत म्हणाले, "ह्या घे. जिथं काय नाय तिथं रोव."

तीन उन्हाळे मी खोट्या काठ्या रोवल्या. लेन्सवाले रिकाम्या ढेकळांपुढे बसून कंटाळले आणि यायचे थांबले. काठीची उंची, साल, कल, कशावरून ओळखतात ते मी तिन्ही वर्षं शोधत होते. बायकांच्या पायांवर नजर ठेवली, काही कळलं नाही. राग काकांचा नाही आला. स्वतःचाच यायचा.

या वर्षी थंडीत काका आजारी पडले. भेटायला गेले तेव्हा धाप लागत होती. "उन्हाळ्यात माझ्या काठ्या कोन रोवनार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खोट्या मी रोवीन. खऱ्यांचं बायका बघतील." त्यांनी मला खुणेनेच जवळ बोलावलं आणि कानाशी चार शब्द सांगितले. ऐकून मला हसू आलं, आणि लगेच रडू. इतकी साधी गोष्ट मला तीन वर्षं दिसली नव्हती.

आठवड्याने काका गेले. या उन्हाळ्यात खऱ्या काठ्याही मीच रोवल्या. अकरा घरटी होती, आणि पाटीवाल्यांनी अकराही ठिकाणी वळसा घातला.

खूण कोणती, असं तुम्ही विचाराल. सांगणार नाही.