टेकडीच्या पायथ्याचं गाव

आमच्या ह्यांनी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली आणि घरी आल्यावर चाळीस वर्षं मला लढाई शिकवली. मी शिकवा म्हटलं नव्हतं. माझं माहेर धायरीचं, शिक्षण चौथीपर्यंत. पण चढावर बसलेल्या शत्रूवर कसं जायचं, हे मी आज भाजी निवडता निवडता सांगू शकते. समोरून जायचं नाही. डोंगराला माणसासारखं पोट असतं. वर बसलेल्याला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय, पण त्या पोटाखालचं त्याला दिसत नाही. तिथून जायचं. आमच्या घरात डाळ संपत नाही, रसद तुटते. पाहुणे येत नाहीत, कुमक येते. ते घरी आले तेव्हा मला वाटलं, चार वर्षांत हे बंद होईल. नाही झालं. आता बंद झालं तर मलाच करमणार नाही, पण हे त्यांना सांगायची गरज नाही.

काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तरी मागच्या वर्षी दिवाळीनंतर एका कॉलेजातले तरुण सर विश्रांतवाडीला आमच्या घरी आले आणि म्हणाले, "आजोबा, लढाईतून काय शिकायचं, ते आमच्या मुलांना सांगा. तुम्हाला पदक मिळालं ती टेकडी सांगा. अर्धा तास पुरे."

"अर्धा तास?" मी म्हटलं. "ह्यांची टेकडी चढायलाच दीड तास लागतो."

सर हसले. हे नाही हसले. त्यांना ते खरं वाटलं असावं.

ती टेकडी मला पाठ होती. हे मॉर्टरवर हवालदार होते. मॉर्टर म्हणजे आखूड तोफ, तिचा गोळा आधी उंच जातो आणि मग आडोशामागे पडतो. ह्यांनी गोळे टाकले, बाकीचे बगलेने चढले, उजाडेपर्यंत टेकडी आपली. आमचा एकच माणूस गेला. हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं, लग्नकार्यात, बारशात, एकदा तर बाराव्यालासुद्धा.

डोळे नसल्यामुळे सांगताना क्रम चुकेल अशी त्यांना धास्ती वाटली. म्हणाले, "अगं, मला टेकडी करून दे. आम्ही हल्ल्याआधी मातीची करायचो. हाताने चाचपत सांगेन."

किल्ला करायला मला कोणी शिकवायला नको. सोसायटीतल्या पोरांचा दिवाळीचा किल्ला दरवर्षी माझ्याच देखरेखीखाली होतो. पाटावर विटा रचल्या, गोणपाट चिखलात बुडवून वर टाकलं, ते सांगतील तसा उतार दाबला. "इथे पोट दे. अजून. माझ्यासारखं नको, तुझ्यासारखं दे," म्हणाले. मी दिलं. माती दोन दिवस वाळू दिली आणि किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या चित्रांचा खोका काढला. वर सैनिक ठेवले. खाली सपाटीवर विहीर ठेवली, बैलजोडी, कौलारू घरं आणि डोक्यावर दोन घागरी घेतलेली बाई. इतकी वर्षं हात तसाच चालतो, मी विचार केला नाही.

सकाळी चहानंतर हे टेकडीपाशी बसले. पायथ्यापासून बोटं वर न्यायला लागले आणि बाईशी थांबले.

"हे काय आहे?"

"पाणी भरणारी बाई."

"ही इथे कशाला?"

"अहो, किल्ल्याखाली गाव असतंच. नाहीतर वरच्यांना भाकरी कोण देणार? रसद, रसद."

मला वाटलं, हसतील. त्यांनी बोट काढून घेतलं आणि म्हणाले, "गाव काढ."

"काढते. दुपारी."

दुपारी मी विसरले. त्या दिवशी ते अर्धी पोळी जेवले. दुसऱ्या दिवशी चहा निवला तरी प्यायले नाहीत. मी म्हटलं, "पोट बिघडलंय का? तसं सांगा, ओवा देते. रुसला असाल तर तेही सांगा, मग ओवा वाचेल."

तेव्हा बोलले.

त्या टेकडीच्या पायथ्याला खरंच गाव होतं. दहाबारा घरं. शत्रूची एक मशीनगन तिथल्या एका घरात होती. गाव रिकामं आहे, असा निरोप वरून आला होता. संध्याकाळी ह्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या घरातून धूर निघताना पाहिला. चुलीचा धूर, ओळखू येतो. शत्रूचेच लोक रांधत असतील, असं मनाला सांगितलं आणि साहेबांना कळवलं नाही. रात्री सगळ्या गावावर गोळे टाकले. सकाळी त्या घरात गेले.

"कोण होतं?" मी विचारलं.

"शत्रूचे लोक नव्हते," एवढंच म्हणाले.

इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारी झोपते. मला त्यांच्या गुडघ्याची वाटी कुठे दुखते ते माहीत आहे. हे माहीत नव्हतं. मला राग आला, आणि तो त्यांच्या गोळ्यांचा नव्हता. मला कायम टेकडीच सांगितली, याचा होता.

मी म्हटलं, "कॉलेजात काय सांगणार?"

"लोक काय म्हणतील? पलटणीचं नाव आहे. साहेब आता नाहीत, त्यांच्यावर येईल."

"मग गाव उचलू?"

खाली भंगारवाला ओरडत गेला, तो पार पुढच्या चौकात पोचला.

"राहू दे," म्हणाले.

कॉलेजात टेकडी टेबलावर ठेवली, शंभरेक मुलं असतील. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आजी, ही बाई आणि बैल काढू का? दिवाळीचा किल्ला वाटतोय."

"हात लावू नका," मी म्हटलं. बिचारे दोन पावलं मागे सरले.

ह्यांनी पोट सांगितलं, बगल सांगितली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग बोटं खाली आणली आणि धुराचं सांगितलं. जसं मला सांगितलं तसंच, एक शब्द वाढवला नाही. साहेबांवर काही टाकलं नाही. "धूर मी पाहिला होता," म्हणाले. "त्यांना मी सांगितला नाही." टाळ्या नाहीत. एका मुलीने उभं राहून विचारलं, "आजोबा, सांगितलं असतं तर टेकडी मिळाली असती का?"

"माहीत नाही. कदाचित आमची आणखी दहा माणसं गेली असती. कदाचित साहेबांनी तरीही टाका म्हटलं असतं. पण ते त्यांना ठरवू द्यायला हवं होतं. मी त्यांना ठरवूच दिलं नाही."

मुलगी खाली बसली. सरांनी घाईघाईने नारळ आणि शाल दिली.

परत रिक्षाने निघालो. पूल ओलांडल्यावर म्हणाले, "तुला काय वाटतं? माझं चुकलं?"

सून बरोबर असती तर म्हणाली असती, बाबा, युद्धच होतं ते. मुलगा म्हणाला असता, तुम्ही आदेश पाळला. मला तसं बोलता येत नाही.

"चुकलं," मी म्हटलं. "धूर दिसला होता, तर सांगायला हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. दिसत काही नाही, पण सवय आहे. मग माझा हात चाचपून घेतला आणि धरून ठेवला. भर रस्त्यात, रिक्षात, आमच्या वयात. रिक्षावाला आरशातून बघत होता.

"आजपर्यंत सगळे शाब्बासच म्हणत आले," ते म्हणाले.

मी हात सोडवला नाही. घर येईपर्यंत तसेच बसलो, आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले.