पहिली हाक

कयाक घेऊन समुद्रात निघालेलं गिऱ्हाईक वायरलेस निवडायला आलं, की धक्क्यावरची दुकानवाली काकू आधी प्रत्येक सेट पाण्याच्या बादलीत टाकायची. बुडाला तो बाद.

"आणि बॅगेत कोंबू नका, छातीला बांधा! आमच्या ह्यांनी बॅगेत ठेवला. उलटी झालेली कयाक तेवढी परत आली. आत वायरलेस कोरडा ठणठणीत!"

मग गिऱ्हाइकाला नवा सेट देऊन ती धक्क्याच्या टोकाला पिटाळायची आणि स्वतः नवऱ्याचा तोच सेट कानाशी धरायची.

"काकू, ऐकू येतंय का?"

पहिल्या हाकेला ती कधीच ओ द्यायची नाही. बटण दाबून आपण बोलायला लागलो, की पलीकडचं ऐकू येत नाही. गिऱ्हाईक वैतागायचं. ती श्वास रोखून नुसती खरखर ऐकत राहायची. न जाणो, ह्यांना काही सांगायचं असलं तर?